गांठ काढल्यावर पुढें काय?

गेल्या महिन्यांत विदर्भांतील एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानांचें असलें तरी त्यांतील प्रश्न थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. त्यांच्या सासूबाईंच्या डाव्या स्तनांतील कर्करोगाची गांठ सव्वा वर्षापूर्वीं शस्त्रक्रिया करून काढली. स्तन राखला आहे. मागाहून किरणोपचार झाले, आणि आतां रोज एक गोळी चालू आहे. सासूबाईंचें वय अठ्ठावन्न, प्रकृति सुधारलेली, स्वयंपाक, पूजा, नातवाचा अभ्यास, सर्व पूर्ववत् चाललें आहे. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, दर चार-सहा महिन्यांनीं येऊन तपासून जा, वर्षांतून एकदां मॅमोग्राफी करा; बाकी कांहीं नको. ह्यावर घरांत दोन तट पडले. अमेरिकेंत असलेले थोरले दीर म्हणतात, "एवढ्या मोठ्या दुखण्यानंतर नुसता हात लावून पाहणें ही कसली तपासणी? दर सहा महिन्यांनीं सर्वांगाचा पेट-सीटी झालाच पाहिजे. पैसे मी पाठवितों." यजमानांना वाटतें कीं डॉक्टरांचें ऐकावें, पण उद्यां कांहीं झालें तर 'पैसे वांचवायला आईची हेळसांड केली' हा ठपका जन्मभर राहील, हीहि धास्ती आहे. सासरे कोणाच्याच बाजूनें बोलत नाहींत. आणि पत्राच्या अखेरीस, जणूं सहज आठवलें म्हणून, भगिनी लिहितात कीं सासूबाईंना ह्याबाबत अद्याप कोणीं विचारलेलें नाहीं.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे, वैद्यहि नव्हे. आयुष्य मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत गेलें. अमुक तपासणी करा किंवा करूं नका असें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. तो सासूबाईंच्या डॉक्टरांचा. परंतु ह्या विषयाचा तज्ज्ञांनीं गेल्या तीस-चाळीस वर्षांत जो निकाल लावला आहे तो वाचून समजून घेण्यास डॉक्टरच असावें लागतें असें नाहीं, आणि तो समजून घेतला म्हणजे घरांतला वाद निम्मा तरी मिटेल असें मला वाटतें.

एक गोष्ट आधींच बोलून टाकतों. आपल्या कित्येक घरांतून ह्या अवयवाचें नांव मोठ्यानें घेत नाहींत. 'छातीची गांठ', 'तिचें तें ऑपरेशन' असें कांहींतरी आडून बोलतात. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं देखील पहिल्या पानावर 'तो भाग' असेंच लिहिलें आहे. ह्या संकोचाचा परिणाम असा होतो कीं पुढें एखादी नवी गांठ हाताला लागली तरी बाई महिना महिना बोलत नाहीं. आपल्या प्राचीन शस्त्रवैद्यांस असा संकोच नव्हता. सुश्रुतानें निदानस्थानांत ग्रंथि आणि अर्बुद ह्यांचें सविस्तर वर्णन केलें आहे. एका अर्बुदावर दुसरें उठलें तर त्याला तो अध्यर्बुद म्हणतो, दोन एकदम उठलीं तर द्विरर्बुद. आणि चिकित्सास्थानांत त्यानें बजावून ठेवलें आहे कीं अर्बुदाचा दोष थोडाहि शिल्लक ठेवला तर तें लवकरच पुन्हां उद्भवतें. सुश्रुताचें अर्बुद म्हणजे तंतोतंत आजचा कर्करोग, असा दावा मी करीत नाहीं. तसे दावे करणाऱ्यांची संख्या आपल्यांत आधींच पुरेशी आहे. सांगावयाचें इतकेंच कीं 'काढलेली गांठ परत येईल काय' ही भीति फार जुनी आहे, आणि तिच्याविषयीं स्पष्ट बोलण्याची चालहि तितकीच जुनी आहे.

ह्या भीतीचे मात्र दोन भाग पाडले पाहिजेत. रोग परत येतो तो दोन प्रकारांनीं. एक, ज्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली त्यांतच, व्रणाच्या आसपास, काखेंत, किंवा दुसऱ्या स्तनांत अगदीं नव्यानें. दुसरा प्रकार असा कीं मूळच्या गांठींतून रोगाचे कण पूर्वींच निसटून हाडांत, फुप्फुसांत, यकृतांत किंवा मेंदूंत जाऊन बसलेले असतात, ते पुढें केव्हां तरी वाढूं लागतात. पहिल्या प्रकारांत रोग लवकर सांपडण्याला मोठा अर्थ आहे. गांठ लहान असतांना ती पुन्हां काढतां येते आणि पुष्कळदां रोगी पूर्ण बरा होतो. मॅमोग्राफी आहे ती ह्यासाठीं. दुसऱ्या प्रकारांत आजचीं औषधें रोगाला आंवर घालतात, कित्येकींच्या बाबतींत वर्षानुवर्षें आंवरून धरतात. परंतु त्याचें निर्मूलन क्वचितच होतें. मग अशा रोगाचा सुगावा, कांहीं लक्षण दिसण्याच्या आधीं चार-सहा महिने लागला, तर रोगी त्यामुळें अधिक जगतो काय? सारा वाद ह्या एका प्रश्नावर आहे. थोरल्या दीरांनीं त्याचें उत्तर 'अर्थातच' असें धरून चाललें आहे, आणि कोणताहि प्रेमळ मुलगा तेंच धरील.

इटलींतील डॉक्टरांनीं मात्र हें धरून न चालतां तपासून पाहिलें. त्यांच्या दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष १९९४ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत एकाच अंकांत प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रयोगांत वीस रुग्णालयांतील १,३२० स्त्रिया होत्या. सर्वांची शस्त्रक्रिया झालेली, रोग दूर पसरल्याचें चिन्ह नाहीं. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नियमित तपासणी, वर्षाची मॅमोग्राफी, आणि कांहीं तक्रार आढळली तरच पुढील चांचण्या. दुसऱ्या गटाला ह्याशिवाय ठराविक काळानें छातीचें क्ष-किरण चित्र, हाडांचा स्कॅन, यकृताची सोनोग्राफी आणि रक्ताच्या चांचण्या, तक्रार असो वा नसो. सुमारें सहा वर्षांनीं हिशेब मांडला तेव्हां, पुष्कळ चांचण्यांच्या गटांतील ६५५ पैकीं १३२ स्त्रिया दगावल्या होत्या आणि साध्या गटांतील ६६५ पैकीं १२२. फरक म्हणावा असा कांहींच नाहीं. दुसऱ्या प्रयोगांत १,२४३ स्त्रिया. त्यांतील एका गटाला दर सहा महिन्यांनीं छातीचें चित्र आणि हाडांचा स्कॅन. तेथें हाडांतला व छातींतला रोग अगोदर सांपडला, हें खरें. परंतु पांच वर्षांनीं मृत्यूंचें प्रमाण एका गटांत १८.६ टक्के तर दुसऱ्यांत १९.५ टक्के, आणि त्याच स्त्रियांचा दहा वर्षांचा हिशेब १९९९ सालीं प्रसिद्ध झाला त्यांतहि चांचण्यांचा लाभ दिसला नाहीं.

पहिल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट मोजली होती, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. स्त्रियांच्या मनाचें स्वास्थ्य, झोंप, दैनंदिन जीवन ह्यांविषयीं त्यांना प्रश्न विचारले होते. वारंवार स्कॅन होणाऱ्या स्त्रिया त्यामुळें अधिक निश्चिंत होत्या असें आढळलें नाहीं. 'निदान मनाला समाधान' म्हणून जो खर्च आपण करतों त्याचा हा जमाखर्च आहे.

रोग आधीं सांपडला आणि तरी आयुष्य वाढलें नाहीं, हें कसें? वाचकांस हें विपरीत वाटेल, म्हणून माझ्या धंद्यांतला दाखला देतों. परीक्षेचा निकाल जूनमध्यें लागावयाचा आहे. एका मुलाचे मामा परीक्षेच्या कचेरींत. त्यांनीं मे महिन्यांतच कानांत सांगितलें कीं भाचा नापास. दुसऱ्या मुलाला तें जूनमध्यें कळलें. पहिल्याला एक महिना आधीं कळलें म्हणून त्याचे गुण वाढले नाहींत. आंब्यांचे दिवस मात्र फुकट गेले. आतां कोणी 'निकाल कळल्यापासून किती दिवस लोटले' असें मोजूं लागला तर पहिला मुलगा महिनाभर पुढें दिसेल, पण तें पुढें असणें केवळ मोजणीचें आहे. "अमकीचा रोग स्कॅनमध्यें आधींच सांपडला म्हणून ती पुढें चार वर्षें जगली, तमकी दुखूं लागल्यावर गेली म्हणून तीनच वर्षें जगली," असें लोक सांगतात तेव्हां पुष्कळदां हाच हिशेब चाललेला असतो. एकीचें मोजणें मे महिन्यापासून, दुसरीचें जूनपासून.

थोरल्या दीरांच्या बाजूनें एक रास्त आक्षेप निघतो, तो टाळून पुढें जाणें योग्य नव्हे. इटलींतील प्रयोग जुने आहेत. तेव्हां पेट-सीटी नव्हता आणि आजचीं कित्येक प्रभावी औषधें नव्हतीं. रक्तांतील रोगाच्या सूक्ष्म अंशांवरून आधीं सुगावा लावण्याचे नवे प्रयोगहि चालू आहेत. उद्यां त्यांतून निराळें उत्तर निघालें तर तें स्वीकारावें लागेल. परंतु एखादी नवी गोष्ट सुरू करावी असें जो म्हणतो, तिचा उपयोग सिद्ध करण्याचें ओझें त्याच्यावर असतें. तक्रार नसलेल्या स्त्रीचा वारंवार पेट-सीटी केल्यानें तिचें आयुष्य वाढतें हें अद्याप कोणीं दाखविलेलें नाहीं. दीर अमेरिकेंत आहेत म्हणून मुद्दाम सांगतों: अमेरिकेंतीलच कर्करोगतज्ज्ञांची मोठी संस्था, अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी, हिनें २०१२ सालीं 'हें करूं नका' अशा पांच गोष्टींची यादी काढली, आणि बरें होण्याच्या उद्देशानें उपचार झालेल्या व कांहीं लक्षण नसलेल्या स्त्रीचा पेट, सीटी, हाडांचा स्कॅन किंवा रक्तांतील खुणांची चांचणी पाळत म्हणून करूं नये, हें त्या यादींत आहे. विदर्भांतील डॉक्टरांनीं जें सांगितलें तें अमेरिकेच्या विरुद्ध नाहीं, अमेरिकेचेंच आहे.

बरें, उपयोग नसला तरी अपाय काय, असेंहि कोणी म्हणेल. अपाय आहे. पेट-सीटीमध्यें साखरेसारखें एक किरणोत्सर्गी द्रव्य शिरेंतून देतात, आणि शरीरांत जेथें जेथें साखर जास्त जळते ती जागा चित्रांत चमकते. कर्करोग चमकतो, तसाच क्षयहि चमकतो, साधी सूजहि चमकते. आपल्या देशांत क्षयाचा प्रसाद कोणाला, केव्हां मिळून गेला असेल ह्याचा नेम नाहीं. छातींतली एखादी गांठ चमकली कीं घरांत रडारड. मग सुई घालून तुकडा काढणें, कांहीं वेळां शस्त्रक्रिया. आणि तीन आठवड्यांनीं उत्तर येतें कीं कर्करोग नव्हे. त्या तीन आठवड्यांची भरपाई कोणी करीत नाहीं. शिवाय एका पेट-सीटीनें शरीराला जो किरणोत्सर्ग लागतो तो निसर्गतः आपल्याला कित्येक वर्षांत मिळून लागणाऱ्या इतका असतो. मॅमोग्राफीचा त्यामानानें अगदीं अल्प. रक्तांतील 'सी.ए. १५-३' ह्या खुणेचीहि तीच गत. यकृताच्या साध्या दुखण्यांत ती वाढूं शकते, आणि रोग परत आलेला असूनहि न वाढण्याचें प्रसंग असतात.

येथें एक मर्यादा ठळकपणें सांगितली पाहिजे, नाहीं तर ह्या लेखाचा विपर्यास होईल. 'स्कॅन नको' हें जिला कांहीं तक्रार नाहीं तिच्यापुरतें. तक्रार असेल तर स्कॅन हवाच, आणि लवकर हवा. तेव्हां पैशाकडे पाहूं नये. ज्यांचा रोग आरंभींच दूर पसरलेला होता त्यांचे नियम निराळे. ज्या घराण्यांत आई, मावशी, बहीण अशा अनेकींना हा रोग झाला आहे आणि रक्ताच्या चांचणींत 'ब्राका' नांवाचा जन्मजात दोष सांपडला आहे, त्यांना डॉक्टर स्तनांचा एम.आर.आय. सांगतात तेंहि निराळ्या कारणानें.

मॅमोग्राफीविषयीं थोडें. राखलेल्या स्तनाची पहिली मॅमोग्राफी किरणोपचार संपल्यावर निदान सहा महिने तरी करूं नये. सूज व व्रण ह्यांमुळें चित्र घोटाळ्याचें येतें. पुढें वर्षांतून एकदां. एक स्तन सबंध काढला असेल तर मॅमोग्राफी उरलेल्याचीच, आणि दोन्ही काढले असतील तर ती लागतच नाहीं. हा वर्षाचा नेम देखील त्रिकालाबाधित नाहीं. ब्रिटनमध्यें ५,२३५ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. सर्वांना रोग पन्नाशीनंतर झालेला, शस्त्रक्रियेस तीन वर्षें होऊन गेलेलीं आणि रोग परतल्याचें चिन्ह नाहीं. अर्ध्यांची मॅमोग्राफी दरवर्षीं, अर्ध्यांची स्तन राखला असेल तर दोन वर्षांनीं व काढला असेल तर तीन वर्षांनीं. पुढील पांच वर्षांत दोन्ही गटांत ह्या रोगानें न दगावलेल्यांचें प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर, म्हणजे सारखेंच भरलें. 'लॅन्सेट'मध्यें २०२५ सालीं हें प्रसिद्ध झालें. पत्रांतील सासूबाईंना अद्याप तीन वर्षें झालेलीं नाहींत, तेव्हां त्यांनीं वर्षाचा नेमच पाळावा. पण पुढें डॉक्टर अंतर वाढवूं म्हणाले तर ती हेळसांड समजूं नये.

आतां 'नुसता हात लावून पाहणें' ह्याविषयीं. हाताला हंसण्याचें कारण नाहीं. मुंबईंत टाटा मेमोरियल रुग्णालयानें १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा एक प्रयोग चालविला. अर्ध्या स्त्रियांचे स्तन शिकवून तयार केलेल्या स्त्री-आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं केवळ हातानें तपासीत. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्यें निघाला: पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत ह्या रोगानें होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनीं कमी झाले. हा प्रयोग निरोगी स्त्रियांवरचा होता, शस्त्रक्रिया झालेल्यांवरचा नव्हे. पण जाणत्या हाताला काय कळतें तें त्यावरून दिसतें. शस्त्रक्रियेनंतर पहिलीं तीन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं, चौथ्या-पांचव्या वर्षीं सहा ते बारा महिन्यांनीं, आणि पुढें वर्षांतून एकदां, असा ह्या तपासणीचा सर्वमान्य क्रम आहे. डॉक्टरांनीं ह्या बाईंना दिलेला क्रम त्यांत बसतो.

ह्याहूनहि चांगला पहारेकरी एक आहे, ती म्हणजे स्वतः ती स्त्री. १९९६ सालीं ब्रिटनमध्यें २९६ स्त्रियांच्या एका अभ्यासांत, पुढची देखरेख रुग्णालयानें करावी कीं घरच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं, हें पाहिलें. रोग परत आल्याचें कळण्यास घरच्या डॉक्टरांकडे अधिक उशीर लागला नाहीं. आणि जे २६ रोग परत आले त्यांपैकीं १८ ठरलेल्या तपासणीच्या दिवशीं सांपडलेच नाहींत. मधल्या काळांत बाईलाच कांहीं जाणवलें आणि ती आपण होऊन डॉक्टरांकडे गेली. तेव्हां काय जाणवलें असतां बोलावयाचें, हें तिला ठाऊक असणें दहा स्कॅनच्या तोडीचें आहे. स्तनांत, व्रणावर, काखेंत किंवा गळ्याच्या हाडावर नवी गांठ, त्वचेवर लाली, पुरळ किंवा ओढल्यासारखी खळी, एकाच जागीं बसलेलें व दिवसेंदिवस वाढणारें, रात्रीं झोंप मोडणारें हाडांचें दुखणें, न जाणारा खोकला, धाप, पूर्वीं कधीं नव्हती अशी डोकेदुखी, कावीळ, कारणावांचून वजन घटणें. दोन आठवड्यांत आपोआप गेलें नाहीं तर पुढच्या तारखेची वाट न पाहतां जावें. गांठ हातीं लागली तर दोन आठवडेहि थांबूं नये. मात्र रोज सकाळीं उठून अंग चांचपीत बसणें हेंहि योग्य नव्हे. तें पहारा देणें नसून चोराचीं स्वप्नें पाहणें आहे.

पांच वर्षें झालीं कीं सुटलों, अशीहि एक समजूत आहे. ज्या रोगाची वाढ स्त्रीशरीरांतील हॉर्मोनवर पोसली जाते तो पांच वर्षांनंतरहि, अगदीं वीस वर्षांपर्यंत, अधूनमधून परत येतो, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या बासष्ट हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासांत दिसलें. भीति घालण्यासाठीं हें सांगत नाहीं. सोळाव्या वर्षीं पाठ दुखूं लागली तर जुनें दुखणें डॉक्टरांना सांगावयास विसरूं नये, इतक्यासाठीं.

आणि आतां ती गोळी. पत्रांत तिचा उल्लेख अर्ध्या ओळीचा आहे, स्कॅनचा अडीच पानांचा. वास्तविक प्रमाण उलट हवें होतें. हॉर्मोनवर पोसणाऱ्या रोगांत टॅमॉक्सिफेनची गोळी पांच वर्षें घेतल्यास पुढील पंधरा वर्षांत ह्या रोगानें होणारे मृत्यू सुमारें एकतृतीयांशानें कमी होतात, असें अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब करून ठरलें आहे. कांहींना डॉक्टर ती दहा वर्षेंहि देतात. पाळी गेलेल्या स्त्रियांना बहुधा लेट्रोझोलसारख्या गोळ्या देतात. स्कॅननें मृत्यु एकानेंहि कमी झाल्याचें दिसलें नाहीं, आणि ही गोळी, जिची रोजची किंमत एका पेट-सीटीपुढें नगण्य आहे, तिनें एकतृतीयांश! परंतु गोळीला चित्र नाहीं, अहवाल नाहीं, जाड फाईल नाहीं. म्हणून तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं. माझ्या पाहण्यांत एक घर असें आहे कीं स्कॅनच्या फिल्मा कपाटांत रेशमी वस्त्रांत बांधून ठेवल्या आहेत, आणि बाईंनीं गोळी मात्र "अंगांतून वाफा निघतात" म्हणून परस्पर सोडलेली. विचारलें तर म्हणाल्या, कोणीं विचारलेंच नाहीं.

ह्या गोळ्यांनीं त्रास होतो, तो खोटा नव्हे. अंगाची आग, झोंप न लागणें, सांधे धरणें. लेट्रोझोलनें सकाळीं उठतांना बोटें व गुडघे आंखडतात, दोन्ही बाजूंनीं सारखे, आणि हिंडूंफिरूं लागल्यावर सैल होतात. ह्यालाच पुष्कळजणी 'हाडांत रोग गेला' समजून घाबरतात. डॉक्टरांना सांगितलें तर गोळी बदलून देतां येते. आपण होऊन थांबवूं नये. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या व पाळी गेलेल्या स्त्रीला अंगावरून थोडें जरी रक्त गेलें तरी तें लपवूं नये, लगेच सांगावें. लेट्रोझोलनें हाडें विरळ होतात, म्हणून हाडांच्या घनतेची चांचणी, जिला डेक्सा म्हणतात, ती मात्र करावी. हाडांचा स्कॅन निराळा आणि ही निराळी. नांवांच्या साम्यामुळें एक टाळतांना दुसरी टाळली जाते.

शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात हाहि असाच दुर्लक्षित. काखेंतल्या गांठी काढल्यावर हाताला सूज येण्याचा संभव असतो. पूर्वीं अशा बाईला भरलेला तांब्यासुद्धां उचलूं देत नसत. २००९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, हाताला सूज असलेल्या स्त्रियांनीं जाणत्याच्या देखरेखीखालीं हळूहळू वाढतें वजन उचलण्याचा व्यायाम केला, तेव्हां सूज वाढली नाहीं, उलट ती चाळवण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हां हात बांधून ठेवूं नये. खांद्याचा व्यायाम नेमानें करावा, रोज चालावें, वजन वाढूं देऊं नये. बांगड्या रुतूं लागल्या तर साबण लावून काढीत बसण्यापेक्षां त्या कां रुतूं लागल्या हें दाखवून यावें. हात लाल होऊन तापला आणि अंगांत ताप आला तर त्याच दिवशीं.

राहिला तो शेवटचा प्रश्न, जो पत्रांत शेवटीं आला आणि खरें म्हणजे पहिला आहे. हें सर्व ठरवावयाचें कोणीं? थोरल्या मुलाचें प्रेम मला दिसतें. समुद्रापलीकडे बसून आईच्या उशाशीं बसतां येत नाहीं, तेव्हां माणूस पैसे पाठवून पाहारा बसवितो. धाकट्याची धास्तीहि दिसते. परंतु अंग सासूबाईंचें आहे, आणि यंत्राच्या बोगद्यांत त्यांनाच निजावयाचें आहे. त्यांच्या भोंवतीं चार सुशिक्षित माणसें त्यांच्या आयुष्याचा निर्णय त्यांना वगळून करीत आहेत, आणि ह्याला आपण 'तिला त्रास नको' असें गोंडस नांव देतों. गांठ हातीं लागली तेव्हां ती त्यांनाच लागली होती; शस्त्रक्रिया, किरण, सर्व त्यांनींच सोसलें. त्यांना सांगितल्यानें नवें असें कांहीं कळणार नाहीं, फक्त एकट्यानें भिण्याची पाळी टळेल.

म्हणून भगिनींस मीं असें लिहिलें आहे. पुढच्या तपासणीला सासूबाईंबरोबर आपण स्वतः जावें, आणि थोरल्या दीरांना त्या वेळीं दूरध्वनीवर घ्यावें. डॉक्टरांना विचारावें कीं ह्यांची गांठ कोणत्या जातीची व कोणत्या पायरीची होती. गोळी कोणती, किती वर्षें. मॅमोग्राफी कोणत्या महिन्यांत. हाडांची घनता पाहिली काय. कोणतें लक्षण दिसलें तर लगेच यावें, आणि रात्रीं-अपरात्रीं फोन कोणाला करावा. पेट-सीटीचाहि प्रश्न दीरांनींच विचारावा, "त्यांत कांहीं निघालें तर उपचार काय बदलेल, आणि त्यानें आईचें आयुष्य वाढेल काय?" अशा शब्दांत. उत्तर सासूबाईंनीं आपल्या कानांनीं ऐकावें. सर्व ऐकूनहि त्या म्हणाल्या कीं माझ्या मनाला भीतीनें चैन नाहीं, तर त्या भीतीविषयीं डॉक्टरांशीं बोलावें. ती भीतिहि दुखण्याचाच भाग आहे, आणि तिच्यावर उपाय असतात. तपासणीची तारीख जवळ आली कीं झोंप उडणें, पोटांत गोळा येणें, हें बहुतेकींना होतें, त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

शस्त्रक्रियेचा अहवाल, गांठीच्या परीक्षणाचा कागद, किरणोपचारांचा तपशील, गोळीचें नांव व सुरू केल्याची तारीख, हें एका वहींत उतरून काढावें, आणि ती वही मुलांच्या संगणकांत नव्हे, सासूबाईंच्या कपाटांत ठेवावी. त्यांची पुढली तारीख पत्रांत मार्गशीर्षांतली दिली आहे. त्याआधीं हा अंक त्यांच्या हातीं पडेल.